एक जार, दोन रिपोर्ट

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबांचा व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड आला. कोथिंबिरीची जुडी चिरून पाण्यात उकळायची, गाळून बाटलीत भरायची आणि रोज एक ग्लास प्यायची, की किडनीत वर्षानुवर्षं साठलेलं मीठ आणि विष लघवीवाटे निघून जातं, असा तो मजकूर होता. खाली बाबांनी लिहिलं होतं, "तुला उपयोगी पडेल. मीही सुरू केलंय."

मी अंगठा दाखवला आणि पुढच्या मीटिंगमध्ये शिरलो. "मीही सुरू केलंय" हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं, डोक्यात शिरलं नाही. ते शिरायला पुढे अडीच महिने आणि इमर्जन्सीतल्या दोन रात्री लागल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. वय ३६. गेली नऊ वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या जवळ राहतो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण एकाच घरात, एकाच फ्रीजमधल्या एकाच जारने माझं भलं केलं आणि बाबांना संकटात टाकलं. तो अनुभव सांगावासा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा जार असतो, आणि बहुतेकांचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी कधी ना कधी येतातच.

माझा खडा

सुरुवात माझ्यापासून झाली. बाबा येण्याच्या आधीच्या जुलैमध्ये रात्री अडीच वाजता उजव्या कुशीत अशी कळ उठली, की बाथरूमच्या फरशीवर आडवा झालो. बायकोला वाटलं अपेंडिक्स. इमर्जन्सीत सीटी स्कॅन झाला आणि निदान आलं, मुतखडा, ६ मिलिमीटर, मूत्रनळीत अडकलेला. दोन आठवडे वेदनाशामक गोळ्या घेत आणि लघवी गाळणीतून गाळत काढले. मग एका सकाळी तो पडला. ज्वारीच्या दाण्याहून जरासाच मोठा होता. एवढ्याशा गोष्टीने एवढा मोठा माणूस लोळवला, याचं आईला फोनवर हसू आवरेना.

यूरोलॉजिस्टनी खडा तपासायला पाठवला आणि मला २४ तासांची लघवी साठवायला एक मोठा केशरी जार दिला. तो थंड ठेवायचा असतो. त्यामुळे तो एक दिवस आमच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, बसला होता. बायकोने फ्रीजवर चिठ्ठी लावली, "संत्र्याचा ज्यूस नाही!"

रिपोर्ट आला. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता, सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. दिवसभरात लघवी जेमतेम ९०० मिली. ऑक्झलेट जास्त, सायट्रेट कमी. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय काय पिता?" मी अभिमानाने सांगितलं, की सकाळी ग्रीन स्मूदी. पालक, बदाम, केळं. वजन कमी करायला सुरू केली होती. दुपारी ऑफिसात बर्फ घातलेला काळा चहा, मोठे तीन-चार ग्लास. पाणी? आठवण झाली की.

डॉक्टर हसले. म्हणाले, "खडा तयार करायची रेसिपी विचारली असती, तर मीही हीच सांगितली असती."

पालक ही ऑक्झलेटने भरलेली भाजी आहे. बदामातही ते भरपूर, काळ्या चहातही बऱ्यापैकी. आपण पालकाची भाजी खातो तेव्हा एखादी वाटी खातो. मिक्सरमध्ये मात्र तीन-चार मुठी कच्चा पालक एका ग्लासात बसतो आणि दोन मिनिटांत पोटात जातो. रोज, महिनोन्महिने. अशा हिरव्या ज्यूसमुळे किडनीत ऑक्झलेट साठून ती निकामी झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. चहाचंही तसंच. आर्कान्सा राज्यातला ५६ वर्षांचा एक माणूस रोज १६ ग्लास आइस टी प्यायचा, आणि त्याच्यावर डायलिसिसची वेळ आली. ही केस २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. माझं प्रमाण तेवढं नव्हतं, पण दिशा तीच होती.

जारमागचं साधं शास्त्र

मग आमच्या फ्रीजमध्ये दुसरा जार आला. काचेचा, दोन लिटरचा, नळ असलेला. इंजिनियरच्या सवयीने मी वाचायला घेतलं आणि लक्षात आलं, की मुतखड्यावरचं सगळ्यांत भक्कम पुरावा असलेलं पेय म्हणजे साधं पाणी.

इटलीत १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षं पाहिलं गेलं. भरपूर पाणी प्यायला सांगितलेल्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. कुठलीही वनस्पती नाही, काढा नाही. अमेरिकेतले यूरोलॉजिस्ट खडा झालेल्यांना सांगतात, की दिवसाला किमान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. 'किती पाणी प्यायलं' हा हिशेब नाही, 'किती बाहेर आलं' हा हिशेब आहे. डॅलसच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि निम्मं पाणी घामातच जातं. दुबई-मस्कतच्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. तिथे साइटवर काम करणाऱ्या माणसाला पुण्यातल्या माणसाइतकं पाणी पुरणारच नाही.

दुसरं लिंबू. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून त्याचे स्फटिक सहजी वाढत नाहीत. पण त्यासाठी ग्लासात चार थेंब पिळून भागत नाही. मला रोज साधारण अर्धा कप, म्हणजे तीन-चार लिंबांचा रस, दिवसभराच्या पाण्यात विभागून घ्यायला सांगितलं. साखर नाही, मीठ नाही. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, त्यामुळे आपलं लाडकं खारट लिंबू सरबत इथे उलटच काम करतं. आणि दात सांभाळायचे असतील तर स्ट्रॉ वापरायचा, नंतर चूळ भरायची.

तिसरी गोष्ट ऐकून आई चकित झाली. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद करायचं नाही! जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि त्याला रक्तात जाऊ देत नाही. त्याच इटालियन गटाने २००२ मध्ये दाखवलं, की नेहमीइतकं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांना खडा पुन्हा होण्याचं प्रमाण, कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे पालक-पनीर चालेल, पालकाचा कोरा ज्यूस नाही.

डॉक्टरांनी याशिवाय पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्या दिल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा रीतीने माझा जार ठरला. लिंबू, काकडीच्या चकत्या, पुदिना आणि निम्मं शहाळ्याचं पाणी. कॉस्टकोतून शहाळ्याच्या पाण्याचे खोकेच्या खोके येऊ लागले. संध्याकाळी टोमॅटो-गाजर-दुधीचा ज्यूस. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. लघवी २.६ लिटर, सायट्रेट वाढलेलं, नवा खडा नाही. मी प्रत्येक मित्राला जारचा फोटो पाठवला आणि बाबांनाही पाठवला.

बाबा आले

एप्रिलमध्ये आई-बाबा आले. बाबा ६८ वर्षांचे, कोरेगावचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. १७ वर्षांचा मधुमेह, १२ वर्षांचं ब्लडप्रेशर. निघायच्या आधी सातारच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या होत्या. फाइल सुटकेसमध्ये होती. क्रिएटिनिन १.९. मी ती फाइल उघडलीच नाही. फोनवर बाबा म्हणाले होते, "किडनी जरा वीक आहे म्हणाले, बाकी काही नाही." आणि आपल्याला इतक्या लांबून 'बाकी काही नाही' एवढंच ऐकायचं असतं.

घरात आल्यावर त्यांनी माझा जार पाहिला. "अरे, तुझी किडनी सुधारली ना याने? मग आम्हालाही दे." मला काय आनंद झाला! नऊ वर्षांत पहिल्यांदा मी बाबांसाठी रोज काहीतरी करत होतो. सकाळी शहाळ्याच्या पाण्याचा मोठा ग्लास, अकराला संत्र्याचा ज्यूस, दुपारी जारमधलं लिंबू-काकडी, संध्याकाळी टोमॅटो-गाजराचा ज्यूस. आईने भर म्हणून कोथिंबिरीचा काढा चालू ठेवला. आणि बीपीसाठी चांगलं म्हणून मी स्वतः दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं.

पाच आठवड्यांनी बाबा सकाळच्या फेरीतून अर्ध्या वाटेत परतले. "पायात त्राण नाही रे." आम्ही म्हटलं, उन्हाचं असेल. तीन दिवसांनी ते जिना चढताना मध्येच कठड्याला धरून बसले. मी म्हणालो, "बाबा, इलेक्ट्रोलाइट कमी झाले असतील." आणि शहाळ्याचं पाणी आणखी एक ग्लास दिलं. हे लिहितानाही हात थांबतो.

बायकोने ऐकलं नाही. "विमा, बिल नंतर बघू. आधी रक्त तपासू," म्हणाली. दुपारी अर्जंट केअरमध्ये रक्त दिलं. रात्री नऊला फोन आला. पोटॅशियम ६.४. ताबडतोब इमर्जन्सीत जा, गाडी त्यांना चालवू देऊ नका.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असायला हवं. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, थांबूही शकतात, आणि तोवर माणसाला थकव्यापलीकडे काही जाणवलेलंही नसतं. इमर्जन्सीत ईसीजी झाला, हृदयाला सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. दोन रात्री मॉनिटरवर. बाबा पडल्या पडल्या त्या आलेखाकडे बघत म्हणाले, "शाळेच्या निकालाचा आलेख इतका वरखाली असता, तर इन्स्पेक्टरने झापलं असतं." आई दाराबाहेर जाऊन रडली.

औषध कोणाचं, विष कोणाचं

दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टर आल्या. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "दिवसभर काय काय पिता?" या वेळी मी सांगत गेलो आणि त्या कागदावर आकडे मांडत गेल्या. शहाळ्याचं पाणी, एक कप म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि बाबांचे दोन-तीन कप. टोमॅटोचा रस कपाला ५००च्या आसपास. संत्र्याचा जवळपास तेवढाच. मग मी कमी सोडियमच्या मिठाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यात सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. काही प्रकारांत पाव चमच्यात ६०० मिलिग्रॅमहून जास्त. आणि बाबांची बीपीची गोळी होती लोसार्टान. ती किडनीसाठी चांगलीच गोळी, पण ती शरीरात पोटॅशियम धरून ठेवते.

त्यांनी मला समजावलं ते मला समजणाऱ्या भाषेत सांगतो. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढं लघवी म्हणून सोडतात. म्हणजे किडनी स्वतःच गाळणी आहे, आणि तिला आतून धुऊन काढणारं पेय नसतं. लघवी जास्त झाली म्हणजे किडनी 'साफ' झाली असं नाही. माझी गाळणी धड होती. माझ्या लघवीत फक्त खडे बनवणारा माल जास्त आणि पाणी कमी होतं. त्यामुळे जास्त पाणी, जास्त सायट्रेट, आणि त्यासोबत आलेलं पोटॅशियमही मला मानवलं. जास्तीचं सगळं माझी किडनी बाहेर टाकत होती. बाबांच्या गाळण्यांचं काम मात्र ३७ टक्क्यांच्या आसपास आलेलं होतं. ईजीएफआर नावाचा आकडा साधारण तेच सांगतो. ओतलेलं पोटॅशियम जाणार कुठे?

मला जे गोळीच्या रूपात औषध म्हणून मिळत होतं, तेच बाबांना मी प्रेमाने ग्लासात भरून विष म्हणून देत होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती कधी विसरणार नाही. पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला आहारतज्ज्ञ काय सांगतात? भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. आपण भाज्यांचं सूप, रस, काढा करतो तेव्हा काय करतो? नेमकं तेच पाणी पितो आणि चोथा फेकतो. कोथिंबिरीच्या त्या फॉरवर्डमध्येही हेच होतं.

बाबांची गोळी डॉक्टरांनी काही दिवस थांबवून, पुन्हा कमी प्रमाणात सुरू केली. ही गोष्ट मुद्दाम लिहितोय, कारण हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. बिलाचं म्हणाल तर विमा कंपनीने 'आधीपासूनचा आजार' म्हणून सुरुवातीला हात वर केले, चार महिने पत्रव्यवहार चालला, अर्धंमुर्धं मिळालं. पाहुण्या आई-वडिलांचा विमा घेताना त्यातलं बारीक अक्षर वाचा, एवढंच सांगतो.

हुलगे, गोखरू आणि सुटकेसमधल्या पुड्या

हॉस्पिटलातून आल्यावर मी सुटकेस उघडली. फाइल वाचली आणि पुड्याही सापडल्या. गोखरूचं चूर्ण, पुनर्नवा, वायवर्ण्याची साल, आणि एका वैद्यांनी दिलेली लेबल नसलेली राखाडी पूड.

या वनस्पतींची मला थट्टा करायची नाही. गोखरू म्हणजे लहानपणी शेतात अनवाणी पायात बोचायचे ते सराटे. पुनर्नवा म्हणजे पावसाळ्यात बांधावर पसरणारी घेटुळी. पानफुटीचं पान तर आजी मुतखड्यावर चावायला द्यायची. आणि हुलगे! बाबांकडे हुलग्याचं माडगं, आईकडे राजापूरला कुळथाची पिठी. आयुर्वेदात मुतखड्यावर कुळीथ सांगितलेला आहेच. माझा खडा पडला तेव्हा आईचं ठाम मत होतं, की तो तिने फोनवर सांगितलेल्या कुळथाच्या कढणाने पडला. कोण जाणे! चार वाट्या कढण म्हणजे चार वाट्या पाणी तर होतंच. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा कुठल्याही पेयाने विरघळतो, असं काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. विरघळवता येतो तो युरिक अॅसिडचा खडा, तोही लघवीचा आम्लपणा औषधाने कमी करून. म्हणून खडा पडला तर फेकू नका, तपासायला द्या. तो कशाचा आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

मात्र पुड्यांच्या बाबतीत 'झाडपाल्याने काय होणार' हे वाक्य धोक्याचं आहे. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमाराला वजन कमी करण्याच्या चिनी वनौषधींत चुकून अॅरिस्टोलोकिया नावाची वेल मिसळली गेली आणि अनेक धडधाकट स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या. याच कुळातली एक वेल आपल्याकडे सापसंद म्हणून ओळखतात. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्या राखाडी पुडीत काय होतं मला माहीत नाही. ती मी टाकून दिली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

घरगुती भाज्यांतही दोन अपवाद लक्षात ठेवावेत. दुधीचा रस काढण्याआधी तुकडा चाखून पाहायचा आणि किंचितही कडू लागला तर सगळा फेकायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिनेही हेच सांगितलं. दुसरं कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. कोकणात करंबळ म्हणतात. किडनी कमजोर असलेल्याने ते एकसुद्धा खाऊ नये, त्याचा ज्यूस तर नाहीच. त्यातलं विष धड किडनी बाहेर टाकते. कमजोर किडनीला ते जमत नाही आणि ते थेट मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, बेशुद्धी, झटके, प्रसंगी मृत्यू. इथल्या आशियाई दुकानांत ते फळ सुंदर रचून ठेवलेलं असतं.

आता आमच्या घरी

बाबांच्या उरलेल्या मुक्कामात फ्रीजमध्ये दोन जार होते. बाबांच्या अक्षरात लेबलं. एकावर 'चिरंजीव', दुसऱ्यावर 'तीर्थरूप'.

'चिरंजीव'मध्ये दोन लिटर पाणी, तीन लिंबांचा रस, काकडी, पुदिना. साखर-मीठ नाही. ऑफिसात जाण्याआधी एक लिटर, संध्याकाळपर्यंत दुसरा, रात्री आणखी दोन ग्लास साधं पाणी. चहा दोन कप, दूध घालून. भरपूर पाणी एकदम ढोसायचं नाही, दिवसभर विभागायचं.

'तीर्थरूप'मध्ये साधं पाणी, त्यात पुदिन्याची चार पानं आणि लिंबाची एक चकती, निव्वळ चवीसाठी. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाचं पाणी मोजून दिलं. सूज किंवा लघवी कमी झालेल्या पेशंटला पाणी कमीही करावं लागतं, त्यामुळे 'किडनीसाठी भरपूर पाणी' हा सल्लासुद्धा सगळ्यांना लागू नाही. जवाचं पातळ पाणी आठवड्यातून दोनदा. मूठभर जव धुऊन भरपूर पाण्यात अर्धा तास उकळायचे आणि गाळून फक्त पाणी घ्यायचं. ताक अर्धी वाटी. शहाळं, टोमॅटोचा रस, संत्र्याचा ज्यूस, भाज्यांचं सूप बंद. कमी सोडियमचं मीठ गेलं, साधं मीठ आलं, पण निम्मं. आणि हुलगे? बाई आकडा बघून म्हणाल्या, "महिन्यातून दोनदा, छोटी वाटी. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका." बाबांनी त्या दोन तारखांवर कॅलेंडरमध्ये खूण केली, एखाद्या सणासारखी.

खरं सांगायचं तर बाबांच्या किडनीला सगळ्यांत जास्त मदत कुठल्याही जारने केली नाही. साखर आटोक्यात आली, बीपी १३०च्या खाली राहिलं, दर तीन महिन्यांनी रक्ताबरोबर लघवीतलं प्रोटीन तपासलं गेलं, यांनी ती केली. तेवढ्यावर क्रिएटिनिन गेलं वर्षभर जागेवर आहे. कमी झालेलं नाही, वाढलेलंही नाही. डॉक्टर म्हणतात, या आजारात जागेवर राहणं म्हणजेच जिंकणं.

रविवारचा कॉल

आपण सगळे दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल करतो. जेवलात का, पाऊस आहे का, गोळ्या घेतल्या का. आई-बाबा 'सगळं ठीक' म्हणतात आणि आपण ते मानून घेतो, कारण मानणं सोपं असतं. मी आता आणखी तीन प्रश्न विचारतो. शेवटचं क्रिएटिनिन किती? पोटॅशियम किती? आणि सध्या नवीन काय प्यायला सुरू केलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीच 'काही नाही' नसतं.

भारतात जिल्ह्याच्या ठिकाणी या तपासण्या काही शे रुपयांत होतात. इंग्लंडमध्ये असाल तर मधुमेह-बीपी असलेल्यांना जीपीकडेच होतात. रिपोर्टचा फोटो मागवून घ्या आणि पोरकटपणा वाटला तरी एका एक्सेलमध्ये तारखेसह भरा. एक आकडा काही सांगत नाही, चार आकड्यांची रांग बरंच सांगते. आणि आई-बाबांना बोलावताना त्यांच्या फाइलचा फोटो विमानात बसण्याआधी मागवा, जार दाखवायच्या आधी वाचा. मी ते केलं नाही.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. कोरेगावात त्यांच्या कट्ट्यावर आता कुणी किडनीचा काढा सांगू लागलं, की ते म्हणे मुख्याध्यापकी आवाजात विचारतात, "आधी रिपोर्ट आणलायस का?"

मागच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा एक फॉरवर्ड आला. या वेळी दुधी, पालक आणि शहाळ्याचं पाणी, सात दिवसांत किडनी नवी. मी धसकून उघडला. खाली बाबांनी लिहिलं होतं, "यातला दुधी तुला चालेल, चाखून घे. पालक तुला नको. शहाळं मला नको. उरलं काय? पाणी. तेवढं पीत जा."